रुळांच्या कडेने तीन दिवस

रेल्वेचा इतिहास रेल्वेत बसून कळत नाही, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. पण पाहा, डब्यात बसलेल्या माणसाला काय दिसते? बाभळी मागे धावताना दिसतात, फाटकाशी थांबलेली बैलगाडी दिसते, आणि मधेच एखाद्या स्टेशनचे नाव डोळ्यांसमोरून निघून जाते. गाव कुठे संपले आणि रान कुठे सुरू झाले हेदेखील कळत नाही. म्हणून गेल्या पौषात मी ठरवले, की आपल्या परभणी जिल्ह्यातून जाणाऱ्या या जुन्या लोहमार्गाची सोबत करावयाची, ती सायकलीवरून. सेलूपासून पूर्णेपर्यंत, तीन दिवस. घाई कसली नव्हतीच. कॅरियरला एक घोंगडी, पिशवीत भाकरी, पंक्चरचे सामान, आणि शाळेतल्या पेटीतून काढलेली मोजमापाची टेप. या टेपेचे काम पुढे पडणार आहे, म्हणून ती आताच लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, विशेषतः मुलांसाठी. रुळांमधून किंवा रुळांच्या खडीवरून सायकल न्यावयाची नसते. तो गुन्हा तर आहेच, पण जिवाशी खेळही आहे. रुळांपासून थोड्या अंतरावर, कधी शेताच्या बांधाने, कधी पाणंदीने, कधी एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या गाडीवाटेने जाता येते. रूळ डोळ्यांआड होतात, पुन्हा भेटतात. माझा सारा प्रवास असाच झाला.

परदेशात अशा प्रवासाची मोठी हौस आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथली एक रेल्वे 1990 मध्ये बंद पडली. रूळ उचलले गेले, पण भराव, पूल आणि बोगदे राहिले. लोकांनी त्या मोकळ्या भरावावर दीडशे किलोमीटरची सायकलवाट केली, आणि 2000 पासून माणसे तीन-चार-पाच दिवस काढून ती पार करतात. वाटेतली ओस पडू लागलेली खेडी त्यामुळे पुन्हा थोडी जागी झाली, असे म्हणतात. आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. आपली गाडी बंद पडली नाही, तीच वाट चालू राहिली. पण रूळ मात्र उचलले गेले! एक रेल्वे गेली आणि तिच्याच जागी दुसरी आली. ही कथा थोडी सविस्तर सांगावी लागेल.

सेलूहून निघालो तेव्हा धुके होते. कापसाच्या गाड्या आदल्या रात्रीच येऊन उभ्या होत्या, आणि गाडीवान चहाच्या टपरीशी शेकत बसले होते. सेलू, मानवत, परभणी ही नावे कापसाशी जोडली गेली, त्यांत या लोहमार्गाचा वाटा मोठा. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला कापूस, धान्य आणि कोकणातून वर येणारे मीठ लमाणी बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजारा तांडे शेकडो बैल घेऊन चालत. वाट, पाणी आणि चारा त्यांना पाठ असे. आज आपण ज्या तांड्यांना शाळा आणि रस्ता कधी होणार म्हणून विचारतो, त्या तांड्यांचे वाडवडील एके काळी साऱ्या दख्खनची मालवाहतूक करीत होते. आगगाडी आली आणि हा धंदा बसला. रेल्वेने काय दिले याचे हिशेब पुष्कळ लिहिले गेले. तिने कुणाची भाकर काढून घेतली, हे पाठ्यपुस्तकात अजून नीटसे आलेले नाही.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातली पहिली रेल्वे वाडीपासून सिकंदराबादपर्यंत, 1874 मध्ये सुरू झाली. तो मार्ग रुंद मापाचा. पुढे 1883 च्या सुमारास चांद्याकडे रेल्वे नेण्याची आणि कंपनीला राज्याच्या तिजोरीतून नफ्याची हमी देण्याची योजना निघाली, तेव्हा हैदराबादेत लोकांनी जाहीरपणे प्रश्न विचारले. कंपनीचा तोटा आम्ही का भरावा, हा त्या प्रश्नांचा आशय. विचारणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. आपल्या गोदावरीखोऱ्यात रेल्वे यावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हैदराबादपासून मनमाडपर्यंत 391 मैलांचा हा मार्ग 1900 च्या आगेमागे वाहता झाला. निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद, आणि शेवटी मनमाड. त्याच वेळी, 1899-1900 मध्ये, इकडे भयंकर दुष्काळ होता. म्हणजे या भागातल्या पुष्कळ माणसांनी पहिली आगगाडी पाहिली ती उपाशी पोटी.

सेलू सोडल्यावर ढेंगळी पिंपळगावाच्या बाजूने मी मानवत रोडकडे निघालो. सायकलीवर बसणाऱ्याला एक गोष्ट पायांनी कळते. रूळ जिथून जातात तिथे चढ नाही! बैलगाडीचा रस्ता गाव पाहून जातो, मग वाटेत टेकाड येवो की ओढा येवो. रेल्वे आखणारा माणूस गाव पाहत नाही, चढ पाहतो. शंभर फुटांत एक फूट चढ आला तरी मालगाडीला तो जड जातो. म्हणून रूळ वळसा घेतात, आणि गाव बाजूला राहते. मानवत रोड या नावातला ‘रोड’ हा शब्द हेच सांगतो. इथे मानवत नाही, मानवतला जाणारा रस्ता आहे. या स्टेशनावर उतरून पूर्वी माणसे टांग्याने, बैलगाडीने मानवतला आणि पुढे पाथरीला जात. स्टेशनाभोवती मग स्वतःचेच एक गाव उभे राहते. हॉटेल, सायकलदुरुस्ती, पानाचे दुकान. देशात अशी ‘रोड’ची स्टेशने किती आहेत, ते शिक्षकांनी मुलांकडून नकाशात शोधून घ्यावे. मजेचा पाठ होतो.

त्या रात्री मी स्टेशनजवळच्या वस्तीत एका ओळखीच्या गुरुजींकडे मुक्काम केला. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मुले जमली. मी टेप काढली आणि खडूने दोन रेघा ओढल्या, एकमेकींपासून बरोबर एक मीटर दूर. म्हटले, “पोरांनो, तुमच्या पणज्याच्या वेळची आगगाडी एवढ्या रुंदीच्या रुळांवरून चालायची.” मग दुसऱ्या दोन रेघा ओढल्या, त्यांच्यातले अंतर 1 मीटर 67 सेंटिमीटर आणि वर थोडेसे. “आणि ही आजची.” माझी सायकल त्या पहिल्या जोडीवर आडवी ठेवली तेव्हा पुढचे चाक आणि मागचे चाक रेघांच्या जरासे बाहेरच गेले. पोरे हसू लागली. एक जण म्हणाला, “गुरुजी, मग ती सायकलच झाली की!”

इतकी लहान रेल्वे का बांधली? तर 1870 च्या सुमारास कलकत्त्याच्या सरकारने, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, खर्च वाचवण्यासाठी अरुंद मापाची निवड केली. अरुंद रुळांना लहान पूल, हलके इंजिन, कमी खडी पुरते. आणि माप बरोबर एक मीटरच का? कारण हिंदुस्थानात लवकरच मेट्रिक मापे लागू होतील अशी तेव्हाची अटकळ होती. ती मापे प्रत्यक्षात आली कधी? दशमान नाणी 1957 मध्ये, आणि किलोची वजने त्यानंतर. म्हणजे आपल्या जिल्ह्यात मीटर जमिनीवर आला 1900 मध्ये, आणि कापडाच्या दुकानात आला त्यानंतर साठ वर्षांनी!

आता खरी गोष्ट. लहान रेल्वे ही वाईट रेल्वे नव्हे. अडचण होती ती मनमाडला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठ्या कंपनीचा मार्ग रुंद मापाचा होता, आणि आपला मीटरचा. आपला डबा त्या रुळांवर चढूच शकत नव्हता. सेलूला भरलेली कापसाची गठाण मनमाडला उतरवावयाची, हमालांच्या पाठीवरून पलीकडच्या डब्यात चढवावयाची, मग ती मुंबईला. येताना लोखंड, रॉकेल, कापड, साखर यांचीही तीच गत. हमाली, वेळ आणि नासधूस, तिन्ही आपल्या माथी.

आणि केवळ रूळच बदलत नव्हते. रोटेगाव मागे पडले की निजामाची हद्द संपत असे. हद्दीवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. निजामाचा रुपया वेगळा, हाली शिक्का. पलीकडे इंग्रजी कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. शेतकऱ्याला हा हिशेब कुठून जमणार? तो अडत्याला जमे. मनमाडला रूळ बदले, रुपया बदले आणि राज्यही बदले. मराठवाडा मागे का राहिला, यावर विद्वान माणसे मोठमोठे ग्रंथ लिहितील. मला विचाराल तर मी आधी त्यांना मनमाडच्या जुन्या मालधक्क्यावर नेऊन उभे करीन.

दुसऱ्या दिवशी कोल्हा आणि पेडगाव करीत परभणीला आलो. ऊन चांगले पडले होते, ज्वारी हुरड्याला आली होती. एका शेतात आगटी पेटली होती. बोलावणे आले आणि मी नको म्हटले नाही. इतिहासाला तासभर उशीर झाला तरी चालतो, हुरड्याला चालत नाही. आगटीशी बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “कुठं निघालात गुरुजी, सायकलवर एवढं बिऱ्हाड घेऊन?” मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “रूळ बघायला? मग खालची माती बघा आधी.” खरे बोलले. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर टाकलेली खडी ती हळूहळू गिळते. म्हणून भरावावर मुरमाचा थर द्यावा लागतो, आणि गँगमनला जन्मभर तीच ती खडी पुन्हा पुन्हा कुटावी लागते. भरावासाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माती उकरली, ते खड्डे अजून ठिकठिकाणी रुळांच्या कडेने दिसतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते, म्हशी बसतात. कुणाच्या तरी आजा-पणज्याने तिथे टोपल्या वाहिल्या असतील, याची आठवण मात्र कुठे लिहिलेली नाही.

परभणीला मार्गाला फाटा फुटतो. दक्षिणेकडे गोदावरी ओलांडून गंगाखेड, आणि पुढे परळी वैजनाथ. ही शाखा 1930 च्या आगेमागे झाली. गंगाखेड संत जनाबाईंचे गाव. त्या वाटेने यात्रेकरूंची आणि मालाची, दोन्हींची सोय झाली. याच सुमारास, 1930 मध्ये, निजाम सरकारने कंपनीकडून सारी रेल्वे विकत घेतली. दोन वर्षांनी त्याच रेल्वेखात्याने मोटारगाड्याही सुरू केल्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पण रेल्वेने केवळ कापूस वाहिला नाही. हैदराबाद संस्थानात सभा भरवणे म्हणजे दिव्य होते. परवानगी लागे आणि ती मिळत नसे. अशा काळात महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. 1981 पासून ते जालना जिल्ह्यात आहे. पुढचे एक अधिवेशन 1941 मध्ये उमरीला झाले. परतूर आणि उमरी, दोन्ही याच मार्गावरची स्टेशने! नकाशा उघडून पाहा. ज्या वाटेने निजामाची टपाल आणि पोलीस येत, त्याच वाटेने वर्तमानपत्र, पुस्तक आणि कार्यकर्ता येई. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली 1947-48 मध्ये लढा पेटला, तेव्हा संस्थानाच्या हद्दीबाहेर कार्यकर्त्यांची शिबिरे होती, आणि त्यांत मनमाडही होते. जे मनमाड कापसाला अडवीत होते, ते माणसांना आसरा देत होते.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले. त्यानंतर एकेक भिंत पडत गेली. करोडगिरी गेली, हाली शिक्का गेला. निजामाची रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत मिसळली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. 1966 मध्ये हा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला. राज्य बदलले, रुपया बदलला. रूळ तेवढे बदलले नाहीत! मनमाडच्या फलाटावर बाया-माणसे तशीच बोचकी डोक्यावर घेऊन एका गाडीतून उतरत आणि दुसरीकडे धावत. रुंद मापाची मागणी जुनीच. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात ती होती, आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा करीत राहिली. शेवटी 1990 नंतर मनमाडकडून काम सुरू झाले, आणि त्या दशकात रुंद रूळ औरंगाबाद, जालना करीत आपल्या जिल्ह्यात आले. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक. हा विलंब कुणी मोजला आहे काय?

तिसऱ्या दिवशी पिंगळीच्या पुढे बाभळीचा काटा लागला. पंप मारून पाहिले, पण हवा ठरेना. ट्यूब काढून बांधावर बसलो, तर शेजारून दोन गाड्या एकमेकींना न थांबता ओलांडून गेल्या. परभणी ते मुदखेड हा सुमारे 81 किलोमीटरचा भाग 2020 मध्ये दुहेरी झाला आहे. पूर्वी एक गाडी स्टेशनात उभी करून दुसरीची वाट पाहावी लागे. मिरखेलच्या फलाटावर आमच्या लहानपणी या वाट पाहण्यात किती भुईमुगाच्या शेंगा संपल्या असतील!

मिरखेलच्या पुढे एक निवृत्त गँगमन भेटले. शेळ्या घेऊन चालले होते. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते मला गुरुजी. पूर्णेपर्यंत सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चाललो, कारण ते बोलत होते आणि मला ऐकावयाचे होते. ते सांगत, “छोट्या लाईनीचं काम हाताचं होतं. रूळ तापला का वाकडा व्हायचा, थंडीत आखडायचा. रातच्याला कंदील घेऊन चार-चार मैल चालायचो. मोठी लाईन आली, तवा आमच्याच हातानं जुने रूळ काढले.” वाईट वाटले का, असे मी विचारले. ते म्हणाले, “वाईट कशाचं? पोराला मुंबईला जाताना मनमाडला उतरावं लागत न्हाई आता.” थोडे पुढे गेल्यावर मात्र स्वतःहूनच म्हणाले, “पण शेडचं वाईट वाटलं.”

हे शेड म्हणजे पूर्णेचे. पूर्णा नदीवरचा पूल ओलांडला की पूर्णा जंक्शन. 1912 मध्ये इथून हिंगोलीपर्यंत सुमारे 80 किलोमीटरची शाखा गेली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच, 1999 मध्ये वेगळी झाली. बरीच वर्षे ती शाखा हिंगोलीलाच थांबून राहिली होती. पुढे ती अकोला आणि खांडव्याकडून येणाऱ्या मार्गाला जोडली गेली, आणि मग मीटरच्याच रुळांवरून पूर्णेहून थेट राजस्थानापर्यंत जाता येऊ लागले. लहान रुळांना नावे ठेवताना हेही सांगितले पाहिजे. पूर्णेला इंजिनांचे शेड होते, कोळसा होता, रेल्वेची वसाहत होती. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसे होती, आणि त्यांच्या पगारावर बाजार चाले. मनमाडकडचे रूळ रुंद झाल्यावरही अकोल्याकडची छोटी लाईन काही वर्षे चालू होती. 2008 च्या सुमारास तीही बदलली. मग जुन्या इंजिनांना आणि त्यांच्या शेडला काम उरले नाही. जुनी माणसे बदलीवर गेली, काही निवृत्त झाली.

पूर्णेला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मामांनी शेळ्या एका झाडाला बांधल्या आणि आम्ही स्टेशनाबाहेर चहा घेतला. मी त्यांना शाळेच्या ओट्यावरच्या रेघांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आम्हाला टेप कशाला लागते? गेजचा गज रोज हातात असायचा.” आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून तळवे समोरासमोर धरले, मधे काही नसताना. मी पिशवीतून टेप काढून लावली. 98 सेंटिमीटर भरले.

“दोन कमी पडले, मामा,” मी म्हणालो.

“थंडी हाय गुरुजी,” ते म्हणाले. “रूळसुदीक आखडतो.”